दोन सह्यांचा तक्ता

संपादकांनी पत्रात दोन अटी घातल्या आहेत. वाचकांना समजेल असं लिहा आणि कुणाला दुखवू नका. पहिली अट मी पाळेन, दुसरीची हमी देत नाही. चाकणच्या पट्ट्यात उभी हयात मी दुसऱ्यांच्या कामाचा वेळ मोजण्यात घालवली. या धंद्यात राहून कुणाला दुखावलं नाही, असं माणूस मला तरी भेटलेलं नाही.

माझ्या नोकरीचं नाव टाइम स्टडी. बाहेरच्यांना ते समजत नाही म्हणून सरळ सांगते. कामगार मशीनपाशी उभा असतो आणि मी त्याच्या बाजूला पाटी, पेन्सिल आणि हातघड्याळाएवढं स्टॉपवॉच घेऊन उभी असते. जॉब, म्हणजे ज्यावर काम करायचं तो सुटा भाग, उचलला इतके सेकंद, बसवला इतके, भोक पाडलं इतके, काढून ठेवला इतके. असं पुन्हा पुन्हा मोजायचं आणि त्यावरून एका जॉबला किती वेळ लागायला हवा ते ठरवायचं. माझी पाटी दिसली की कामगार मुद्दाम हळू काम करायचे. ते करणारच. मी जो वेळ ठरवणार तो त्यांच्या मानेवर वर्षानुवर्षं बसणार होता. म्हणून खरा वेग डोळ्यांनी ओळखावा लागायचा, आणि ते शिकायला पाच-सहा वर्षं जातात. डिप्लोमा करून आले तेव्हा शॉपवर, म्हणजे मशीनच्या खात्यात, मी एकटीच बाई होते. मला 'घड्याळवाल्या बाई' म्हणायचे. तोंडावर मॅडम.

आमच्या तक्त्याची एक रीत होती आणि आजही मी ती सोडायला तयार नाही. तक्त्याच्या तळाशी दोन सह्या लागायच्या. एक मोजणाऱ्याची, एक ज्याला मोजलं त्याची. त्याला आकडा पटला नाही तर त्यानं सही करायची नाही, मग पुन्हा मोजायचं. ही रीत कुणी मोठ्या मनानं घातली नव्हती, भांडणं टाळायला घातली होती. पण होती.

ती मी एकदाच मोडली. ते आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून आलं.

बबनदादा कुरुळीचे. त्यांच्या घरची जमीन कंपनीत गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला नोकरी मिळाली, ते हे. माझ्याहून वर्षभरानं मोठे. ड्रिलिंग मशीनवर होते. जॉबचा नवीन ट्रे आला की हा माणूस आधी मशीन बंद करायचा, जॉब पकडायची चौकट फडक्यानं पुसायचा, कोपऱ्यातला लोखंडाचा बारीक चुरा बोटानं काढायचा, मग बोट फिरवून बघायचा आणि मगच पहिला जॉब लावायचा. दर ट्रेला दोन मिनिटं. बाकी कुणी करत नव्हतं. मी पाटीवर लिहिलं, 'रिकामा वेळ'. आणि ठरलेल्या वेळातून ती दोन मिनिटं कापली.

त्यांनी तक्ता वाचला आणि पेन परत दिलं.

"ह्यो रिकामा वेळ न्हाई, मॅडम. ह्यो कामाचा हाय."

"दादा, या वेळात एकही भोक पडत नाही."

"व्हय. पर वाकडंबी पडत न्हाई."

मी तरुण होते आणि मला घाई होती. त्यांच्या जागी युनियनच्या माणसाची सही घेतली आणि तक्ता पुढे पाठवला. नव्या वेळात बबनदादा बसेनात. दोन महिन्यांत त्यांना मशीनवरून काढून माल भरायच्या डॉकवर पाठवलं. त्यांच्या जागी आलेला मुलगा भराभर भोकं पाडायचा. पुढे ट्रेच्या ट्रे परत येऊ लागले, चुऱ्यावर बसलेला जॉब तिरका भोसकला जात होता. पण परत आलेल्या मालाचा हिशेब वेगळ्या खात्यात लागायचा. माझा तक्ता स्वच्छच राहिला. मला त्या वर्षी शाबासकी मिळाली, आणि मी ती घेतली.

आता संपादकांना जे हवं आहे त्याकडे येते. 'तुम्ही म्हणे प्रोग्रामर लोकांचंही काम मोजलंत, ते लिहा.' मोजलं. आणि ते मोजता येत नाही, असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. मोजता येतं. काय मोजायचं हे ज्याला मोजताय त्याला विचारलं तर.

निवृत्तीला दीड-दोन वर्षं उरली असताना आमच्या कंपनीनं चिंचवड स्टेशनजवळ स्वतःचं सॉफ्टवेअर खातं थाटलं. काम असं होतं. आम्ही मोटारींचे बंपर बनवतो. गाडी जोडणाऱ्या कारखान्यात गाड्या एका ओळीनं पुढे सरकतात, पांढरी, मग लाल, मग करडी, पुन्हा पांढरी. आमचे बंपर त्याच क्रमानं ट्रकमध्ये भरून जायला हवेत. एक मागेपुढे झाला की पांढऱ्या गाडीसमोर लाल बंपर येतो आणि सगळी ओळ थांबते. क्रमाची यादी प्रोग्राम काढणार होता. गाडीच्या पुढच्या बंपरचा प्रोग्राम कुणाल नावाच्या प्रोग्रामरच्या चौघांच्या गटाकडे, मागच्याचा अश्विनीच्या चौघांच्या गटाकडे.

आणि दोन्ही गटांची प्रोग्राम लिहायची पद्धत वेगळी. मला यातलं ओ का ठो कळत नव्हतं. मी दोघांपाशी वही घेऊन बसले.

कुणाल म्हणाला, "मॅडम, समजा कंपनीत खाती आहेत. प्रत्येक खात्याचं आपलं कपाट, किल्ली त्यांच्याकडेच. मला काही हवं तर मी खिडकीवर जाऊन मागतो. आतलं कपाट ते सांभाळतात. आम्ही असे खात्यांचे तुकडे बनवतो आणि जोडतो."

अश्विनी काळेवाडीची. वडिलांची पिठाची गिरणी. ती म्हणाली, "आमचं गिरणीसारखं आहे. वरून ज्वारी टाकली की खालून ज्वारीचं पीठ. कधीही टाका. पण आधीच्या गिऱ्हाईकाची बाजरी आत राहिली असेल तर पीठ मिसळतं, आणि मग बाबांना दुकानात बोलणी बसतात. आम्ही आत काही राहूच देत नाही. कपाटच नाही."

मला दोन्ही पटलं. हे मुद्दाम लिहिते, कारण हा लेख वाचून दोन्ही पंथांचे लोक मला पत्रं पाठवतील. माझं कुठल्याच पद्धतीशी वैर नाही.

वैर सुरू झालं ते मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब नवे होते, वागायला नम्र, आवाज कधी चढवायचे नाहीत. म्हणाले, "मॅडम, दोन टीम, एकच काम, दोन पद्धती. तीन महिने मोजा. जी स्लो असेल ती बंद करू. टीम मोकळी करू आणि सगळ्या प्लांटला एकच पद्धत. मला फक्त एक स्लाइड द्या."

मोकळी करू म्हणजे काय हे चाकणमध्ये शेंबडं पोरही सांगेल. हरणाऱ्या गटातली चार माणसं घरी.

काय मोजायचं तेही साहेबांनी ठरवून ठेवलं होतं, तिकिटं. प्रोग्रामर लोकांकडे प्रत्येक कामाची एक चिठ्ठी कॉम्प्युटरवर बनते, तिला तिकीट म्हणतात. काम झालं की तिकीट बंद. दिवसाला किती बंद केली, तो झाला वेग. मला हे सोयीचं वाटलं. जॉब मोजल्यासारखंच होतं. मी तक्ता आखला आणि कामाला लागले.

पहिल्याच पंधरवड्यात अश्विनीचा गट मागे पडला. कारण तिनं पहिले आठ दिवस एक अक्षर लिहिलं नाही. सकाळी कंपनीच्या बसनं कुरुळीच्या डॉकवर जायची, दिवसभर उभी राहायची, संध्याकाळी परत. कुणालला मात्र साहेबांनी तिकिटं सोडून जाऊ दिलं नाही. तिच्या नावापुढे त्या आठ दिवसांत मी काय लिहिलं असेल? 'रिकामा वेळ.' माझे केस पांढरे झाले होते, चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता, पण हात जुनाच होता.

तीन महिन्यांनी आकडे समोर आले. कुणालच्या गटाची तिकिटं अश्विनीच्या दुप्पट. साहेब खूश. मी तक्ता गुंडाळून घरी जाणार तेवढ्यात अश्विनी माझ्या टेबलापाशी आली. तिनं आकडे पाहिले होते, ते सगळ्यांनीच पाहिले होते. ती रडली नाही, भांडलीही नाही.

"मॅडम, तुमची सही व्हायच्या आधी एकदा डॉकवर येता का?"

"डॉकवर काय आहे?"

"ते तिकडचे लोक दाखवतील. मी सांगितलं तर माझ्या फायद्याचं सांगते असं वाटेल."

मी चिडले. मला माझं काम शिकवायला निघाली होती. पण दुसऱ्या दिवशी गेले, कारण न जाता सही केली असती तर तिचा तो शांत चेहरा मला डाचत राहिला असता.

डॉकवर कोण भेटलं असेल? बबनदादा. आता तिथले मुकादम. नोकरीचं शेवटचं वर्ष. मला बघून त्यांनी टोपी सारखी केली, इतकंच. मग पुढच्या बंपरचे ट्रक भरतात त्या दारापाशी नेलं. तिथे लोखंडी खांब होता आणि खांबावर खडूच्या रेघा. चार उभ्या, एक आडवी, चार उभ्या, एक आडवी. माणसाच्या उंचीपासून खाली गुडघ्यापर्यंत.

"हे काय दादा?"

"येक रेघ म्हंजी यादी चुकली. गाडी भरली व्हती ती रिकामी केली आन् पुन्यांदा भरली. आमी मोजून ठिवतो. वर कुनी इचारत न्हाई, पर आमी ठिवतो."

"आणि मागच्या बंपरचं दार?"

त्या दाराच्या खांबावर तीन रेघा होत्या. तीन.

मी विचारलं, "चूक झाली की पुढे काय होतं?"

"मंग चिंचवडला फोन लावायचा. त्ये म्हंत्यात तिकीट टाका. आमी टाकतो. दोन दिसांनी त्ये दुरुस्त करून बंद करत्यात."

तिथेच माझ्या लक्षात आलं. वाचकहो, तुमच्याही लक्षात आलं असेल. प्रत्येक चुकीचं एक तिकीट बनत होतं. ते बंद केलं की कुणालच्या गटाच्या नावावर एक काम जमा. जितक्या चुका तितकी तिकिटं, जितकी तिकिटं तितका वेग. ओळीतली एखादी गाडी मध्येच अडकली की तिचा रंग कुणालच्या एका कपाटात तसाच पडून राहायचा आणि पुढची सगळी यादी एकानं सरकायची. ते एका ठिकाणी बुजवलं की दुसऱ्या ठिकाणी निघायचं. आणि मी तीन महिने ते उत्पादन म्हणून लिहून घेत होते.

बबनदादा खांबाला टेकून उभे होते. "ती पोरगी हितं आठ दिस हुबी व्हती," ते म्हणाले. "गाडी अडकली तर काय, टायर पंक्चर झालं तर काय, समदं इचारून गेली. तुमी येक दिस तरी आलाव का?"

मी नाही म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

माझ्या आठ दिवसांच्या 'रिकाम्या वेळा'विषयी त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण दोन मिनिटांचं ठाऊक होतं, आणि ते त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

परत येताना बसमध्ये मी ठरवलं. सही करायची नाही एवढंच नव्हे, रीतच पाळायची. चिंचवडला पोचल्यावर तक्ता पुन्हा छापून घेतला आणि तळाशी दुसऱ्या सहीची जागा आखली. अश्विनीनं सही केली नाही, ते अपेक्षितच होतं. मग तोच कागद कुणालपुढे ठेवला. त्याचा आकडा दुप्पट, त्याच्या नोकरीला धोका नाही, उलट बढती. मला वाटलं डोळे मिटून करेल.

त्यानं पेन हातात घेतलं, आकडा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

"मॅडम, यावर नाही करत सही."

"का रे? जिंकलायस तू."

"निम्म्याच्या वर तिकिटं आमच्याच चुकांची आहेत. आम्ही केल्या, आम्ही निस्तरल्या. हे काम झालं असं मी लिहून देऊ?"

"मग तीन महिने गप्प का बसलास?"

"कुणी विचारलंच नाही. तुम्हीपण नाही."

एका आठवड्यात दोन जणांनी मला हे ऐकवलं. एकाचं वय साठीला टेकलेलं, एक सत्ताविशीतला. मी कुणालवर चिडायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही.

साहेबांच्या केबिनमध्ये मी सहीच्या दोन्ही रिकाम्या जागांसह तक्ता ठेवला. माझी सही नाही, त्यांचीही नाही.

"मॅडम, हे कारखान्याचं झालं. इथे डेटा सिस्टिममधून येतो. सही कशाला पाहिजे?"

"सिस्टिमनं तिकिटं मोजली. मोजलं ते बरोबर आहे. पण भरलेला ट्रक रिकामा करणं हेही तिनं कामात धरलंय."

"ठीक आहे, मग चुकांची तिकिटं वजा करा. पद्धत दुसरी जिंकली असं लिहा. मला दोन्ही चालेल."

इथे मात्र माझा पारा चढला. त्यांना माझं उत्तर नको होतं, एक नाव हवं होतं. कुठलंही.

"तेही लिहिणार नाही," मी म्हटलं. "पुढच्या बंपरला जास्त रंग आहेत, जास्त नमुने आहेत. अश्विनी आठ दिवस डॉकवर उभी राहिली, कुणालला तुम्ही जाऊ दिलं नाही. चुका कमी झाल्या त्या पद्धतीमुळे की त्या आठ दिवसांमुळे, मला माहीत नाही. ज्याला माहीत असेल त्याची सही घ्या. या आकड्यावर चार माणसं घरी जाणार असतील तर माझी सही मिळणार नाही."

"तुमच्या एक्स्टेन्शनचा कागद माझ्याकडे आहे, मॅडम." निवृत्तीनंतर मुदत वाढवून मिळावी म्हणून मी केलेला अर्ज होता तो. आवाज तेव्हाही चढला नव्हता.

"असू द्या तुमच्याकडेच."

मी घाबरले होते, हे इथे कबूल करते. शॉपवर शंभर माणसांसमोर उभी राहिलेली बाई मी, पण गालिच्यावर उभं राहून नाही म्हणायची सवय नव्हती. दार लावताना हँडल दोनदा निसटलं.

पुढे काय झालं ते नाट्यमय नाही. सहीशिवायचा तक्ता साहेबांना पुढे पाठवता येईना, कारण वर विचारणार होते की मोजणारीच नाही का म्हणते. आमच्याकडे निर्णय रद्द होत नाहीत, पुढे ढकलले जातात. हा ढकलला गेला तो गेलाच. अश्विनीचा गट राहिला. कुणालनं स्वतःहून आठ दिवस मागून घेतले आणि डॉकवर जाऊन उभा राहिला. त्यानंतर त्यानं पद्धत बदलली नाही, कपाटं तशीच ठेवली, फक्त दिवसातून एकदा ती रिकामी करायला शिकला. त्याच्या खांबावरच्या रेघा कमी झाल्या. म्हणून म्हणते, पत्रं पाठवू नका.

रेघांचा खांब मात्र राहिला नाही. ग्राहक कंपनीची माणसं पाहणीला येणार म्हणून साहेबांनी डॉकचे सगळे खांब पिवळे-काळे रंगवून घेतले. बबनदादांनी रेघा शटरच्या आतल्या बाजूला मारायला सुरुवात केली. शटर वर गुंडाळलं की त्या दिसत नाहीत, आणि साहेब आले की शटर वरच असतं. अश्विनीनं पुढे प्रोग्राममध्येच एक जागा केली, रिकाम्या केलेल्या ट्रकची. डॉकवरचा माणूस तिथे एक बटण दाबतो आणि तो आकडा दोन्ही गटांना रोज सकाळी दिसतो. एवढं एकच मोजमाप मला माझ्या हयातीत पूर्ण पटलं, आणि ते मी केलेलं नाही.

एक्स्टेन्शन मिळालं नाही. ठरल्या तारखेला नारळ आणि शाल घेऊन मी घरी आले.

घरी जुन्या फायलींचं एक खोकं आहे. कंपनीनं रद्दीत काढलेले तक्ते मी उचलून आणले होते, का ते विचारू नका. एका दुपारी त्यातून बबनदादांचा तक्ता शोधला. पिवळा पडलेला. 'रिकामा वेळ, दोन मिनिटं.' खाली माझी सही, बाजूला युनियनच्या माणसाची. मी तो घेतला, रिक्षा केली आणि कुरुळीला गेले.

बबनदादा ओट्यावर बसले होते. वहिनींनी चहा ठेवला. मी कागद पुढे केला आणि पेन काढून 'रिकामा वेळ' खोडलं, वर लिहिलं 'कामाचा वेळ'. युनियनची सही खोडली. माझी सही होती तिच्याखाली पुन्हा सही केली.

"आता काय उपेग, मॅडम?" ते म्हणाले. "त्ये मशीन कवाच भंगारात गेलं."

"मशीनचं जाऊ द्या. सही माझी आहे, ती चुकीच्या आकड्याखाली राहायला नको. पटत असेल तर इथे तुमची करा."

त्यांनी नातवाला हाक मारून चष्मा आणवला. वरपासून खालपर्यंत तक्ता वाचला, एकेक ओळ, घाई न करता. मी चहा संपवला तरी वाचतच होते. मग बोट एका जागी ठेवलं.

"ह्ये दोन मिनटं न्हाई. अडीच व्हती."

"घड्याळात दोन आलं होतं, दादा."

"तुमी हुब्या व्हता म्हून मी बिगीबिगी पुसायचो. न्हाई तर अडीच."

एवढी वर्षं मी छातीठोकपणे सांगत आले की माझ्या पाटीसमोर सगळे हळू काम करतात. मी दोन खोडून अडीच लिहिलं. त्यांनी पेन घेतलं आणि माझ्या सहीशेजारी, ओळीच्या बाहेर जाऊ न देता, आपलं पूर्ण नाव लिहिलं.